दीड तोळ्याच्या गोळीचं वजन किती?

मुंबईहून पुण्याला येणारा जुना रस्ता पुण्यात संपत नाही. खंडाळ्याचा घाट चढून आलेला तोच रस्ता सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर करत बंगळूर गाठतो आणि तिथून पूर्वेला कोलारकडे निघतो. त्या वाटेवर बंगळूर मागे पडलं की लागतं होसकोटे. हल्ली नव्या क्रमांकांनी या रस्त्याचे तुकडे पाडलेत. पण ठाण्यापासून चेन्नईपर्यंतचा हा १,२३५ किलोमीटरचा पट्टा आपल्या पिढीला ‘एनएच फोर’ म्हणूनच पाठ आहे. हा १,२३५ आकडा जरा जपून ठेवा. पुढे याच लेखात वीतभर व्यासाची एक चकती हे अंतर चार तासांत तोडणार आहे, तेही जागची न हलता.

होसकोटे तसं आपल्याला परकं नाही. आदिलशाहीनं शहाजीराजांना जो कर्नाटकातला मुलूख जहागीर दिला, त्यात बंगळूर होतं, कोलार होतं, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे होतं आणि होसकोटेही होतं. आणि ज्यांना इतिहासात रस नाही त्यांनी शिवनेरी आठवावी. दादर-पुणे मार्गावर ज्या व्होल्वोत बसून आपण डुलक्या काढल्या, त्या व्होल्वोचं भारतातलं घर होसकोट्याला. १९९८ पासून तिथे ट्रक बनताहेत, मग बसही बनू लागल्या. तिथून कोलारच्या दिशेनं आणखी पुढे गेलं की नरसापुरा. तिथे २०१३ साली होंडाचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला आणि २०१७ मध्ये चौथी लाइन जोडली गेली तेव्हा त्याची क्षमता झाली वर्षाला २४ लाख गाड्या. २४ लाख! वर्षाचे ३०० दिवस, दिवसाचे चोवीसही तास कारखाना चालला असं धरा. तरी दर ११ सेकंदांना एक गाडी बाहेर पडायला हवी. हा परिच्छेद तुम्ही वाचेपर्यंत तीन-चार गाड्या बाहेर आल्या असतील. त्यात मोटरसायकलीही असतात, पण आपला डोळा स्कूटरवर. कारण स्कूटरच्या पोटात जो क्लच आहे ना, त्याचा थोरला भाऊ बर्फावर धावतो.

गुलमर्गला जाऊन आलेल्या मराठी माणसानं ‘स्नो स्कूटर’ केलेली असते, निदान तिच्यावर बसून फोटो तरी काढलेला असतो. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्ट्याचं रुंद चाक, मध्ये किंचाळणारं इंजिन. सियाचीनवर आपलं लष्कर हीच गाडी वापरतं. होसकोट्याला बर्फ पडत नाही, पडणारही नाही. पण कॅनडाच्या बर्फात थाटात पळणारी स्नो स्कूटर आणि होसकोट्याच्या बाजारात भाजीची पिशवी अडकवून उभी असलेली ॲक्टिव्हा, या दोघींच्या आत एकच करामत आहे. गिअर नाहीत. दोन पुल्या, एक रबरी पट्टा आणि काही फिरणारी वजनं.

करामतीची वंशावळ झटपट सांगून टाकतो. डच कंपनी डाफनं १९५८ साली आपल्या मोटारीत ही पट्ट्याची रचना बसवली. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोसेफ आर्मां बोंबार्दिए यांची स्की-डू आली आणि बर्फावरची छोटी गाडी घराघरात पोहोचली. आपल्याकडे ही जादू आणली कायनेटिक होंडानं, १९८४ साली. फिरोदियांची कंपनी आणि जपानची होंडा यांची भागीदारी. बटण दाबा, मूठ पिळा, निघा. डावा हात क्लच दाबायला आणि गिअर पाडायला शिकलेल्या पिढीला हे खोटं वाटलं होतं.

आत घडतं ते असं. समोरासमोर दोन तिरप्या चकत्या, मध्ये पट्टा. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेरच्या बाजूला झेपावतात, चकतीला ढकलतात, चकत्या जवळ येतात, पट्टा चिमटीत सापडून वर सरकतो. पुली जणू मोठी झाली. गाडी पळाली. बस्स. यापुढचं गणित इंजिनियरांच्या हवाली. ते शिकलेले आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवू आणि आपण आकड्यांची मजा लुटू.

चला, आधी स्कूटर उघडू.

वजनं असलेल्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, सहा रोलर असतात; हीच ती वजनं. गॅरेजमध्ये त्यांना कोणी ‘रोलर’ म्हणतं, कोणी नुसतं ‘गोळ्या’. एक गोळी पंधरा ग्रॅमची धरू. म्हणजे दीड तोळा. म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी, तळहातावर ठेवली तर जेमतेम जाणवतील एवढी. ही गोळी मधल्या दांड्यापासून चार सेंटिमीटरवर फिरते असं धरू. म्हणजे तिचं रिंगण आठ सेंटिमीटर रुंद, आमटीच्या वाटीएवढं. इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेतंय. सेकंदाला झाले ११७. एका फेऱ्यात गोळी २५ सेंटिमीटर चालते, सेकंदाला २९ मीटर, तासाला १०५ किलोमीटर! एक्सप्रेस वेवर मोटारींना मुभा आहे १०० ची. ही दीड तोळ्याची गोळी तिथे असती तर तिच्या नावे चलन फाटलं असतं. आणि तीही सरळ रस्त्यावर नाही, वाटीत. १०५ च्या वेगानं वाटीत!

आता एवढ्या वेगानं एवढ्या छोट्या वळणावर फिरायचं म्हणजे बाहेर फेकलं जाणं आलंच. किती जोरानं? स्वतःच्या वजनाच्या सुमारे २,१९० पट. पंधरा ग्रॅमची गोळी बाहेरच्या भिंतीवर ३३ किलोचा भार टाकते. दहा रुपयांची दोन नाणी, वीस रुपयांची चिल्लर, आणि भार पडतो ४३ हजार ८०० रुपयांच्या चिल्लरीएवढा. आणि गोळ्या आहेत सहा. ३३ गुणिले सहा, जवळपास दोन क्विंटल. साखरेची पन्नास किलोची चार पोती. तुमच्या पायाजवळच्या त्या प्लास्टिकच्या झाकणाआड, नऊ तोळ्यांच्या सहा गोळ्यांमधून चार पोत्यांचा भार तयार होतो आणि तुम्ही वर बसून शिट्टी वाजवत असता.

ही झाली धाकटी. आता थोरला भाऊ.

मोठ्या स्नो स्कूटरला ८५० सीसीचं दोन स्ट्रोकचं इंजिन असतं. ताकद १६५ अश्वशक्ती. शिवाजी महाराजांच्या घोडदळात २५ स्वारांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार असे, म्हणजे एक जुमला १२५ घोड्यांचा. त्या हिशोबानं या एका गाडीत अख्खा जुमला आणि वर दीड हवालदारी कोंबलेली आहे. शहाजीराजांच्या होसकोट्याच्या वेशीतून एवढे घोडे एकदम आत आले असते तर गावानं दारं लावून घेतली असती. इथे ते सगळे एका आसनाखाली बसतात आणि त्यांची सगळी ओढ जाते साडेतीन सेंटिमीटर रुंदीच्या एका रबरी पट्ट्यातून. साखळी नाही, दातेरी चाक नाही, नटबोल्ट नाही. नुसती चिमट.

आपल्या विहिरींच्या भाषेत बोलू. शेतातली मोटर साधारण पाच अश्वशक्तीची. १६५ म्हणजे अशा ३३ विहिरींच्या मोटरी एकाच वेळी सुरू. विहीर वीस मीटर खोल धरली आणि मोटर-पंपाची निम्मी ताकद वाया गेली असं मानलं, तरी ३३ मोटरी मिळून सेकंदाला तीनशेहून जास्त लिटर पाणी वर काढतील. तासाला अकरा लाख लिटर. दहा हजार लिटरचे ११३ टँकर! मे महिन्यात माण-खटावच्या एखाद्या गावात अर्धा टँकर मिळवायला सरपंचाच्या चपला झिजतात आणि इथे तासाला ११३ टँकर भरतील एवढी ताकद एका रबरी पट्ट्यावरून घसरत, चिकटत, तापत चाललीये. गाडी निघताना, पट्टा पुलीच्या अगदी आतल्या बाजूला असताना, त्यावर पडणारा ताण पावणेचारशे किलोच्या घरात जातो. सिमेंटच्या साडेसात गोण्या एका पट्ट्याला टांगलेल्या.

या चिमटीला जोर देणारी वजनं स्नो स्कूटरमध्ये बहुधा तीन असतात, एकेका हातावर एक. प्रत्येक वजन साठ ग्रॅमचं धरू. सहा तोळे. फिरण्याचं रिंगण सहा सेंटिमीटर त्रिज्येचं. आणि फेरे? मिनिटाला ८,०००. इथे तुम्ही पापणी लवली, तेवढ्यात सत्तावीस फेरे झाले.

धरा घट्ट. या रिंगणात प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या ४,२९० पट जड होते. साठ ग्रॅमचं वजन २५८ किलोनं बाहेर ओढतं. तीन वजनं मिळून ७७३ किलो. मारुती ८०० सबंध उचलून त्या क्लचमध्ये ठेवली तर तीही कमी भरेल! चिल्लरीत सांगू? साठ ग्रॅम म्हणजे दहा रुपयांची आठ नाणी, ऐंशी रुपये. ती ८,००० फेऱ्यांनी फिरवली की त्यांचा भार होतो तीन लाख त्रेचाळीस हजार रुपयांच्या नाण्यांएवढा. ऐंशी रुपयांत साडेतीन लाख. कुठल्या पतपेढीनंही एवढं आमिष दाखवलेलं नाही.

आणि सोनाराच्या दुकानातली गुंज? ती लालचुटुक बी, काळ्या टोपीची, आठवत असेल तर. ९६ गुंजांचा जुना तोळा, म्हणजे एक गुंज सव्वाशे मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. फुंकरीनं उडेल. या क्लचमध्ये टाकली की तिचं वजन अर्धा किलो. गुंजभर फरक तिथे अर्ध्या किलोचा होतो, आणि इथूनच सुरू होते परीक्षा.

कारण बर्फावर गाडी पळवणारी मंडळी कंपनीनं दिलेल्या क्लचवर कधीच खूश नसतात. आपल्याकडेही कॉलेजची मुलं स्कूटरला ‘हलके रोलर’ टाकून घेतात आणि गाडी ‘पिकअप घेते’ म्हणून मिरवतात, तोच आजार. तिकडे बाजारात दुसऱ्या कंपन्यांचे क्लच मिळतात: वेगळी वजनं, वेगळ्या स्प्रिंगा, वेगळा उतार. जाहिरातीत दावे जोरदार. मग गाडीवाला तो क्लच बसवतो आणि चाचणीला निघतो. तोच रस्ता, तोच बर्फ, तीच वेळ, तेच पेट्रोल. आधी कंपनीचा क्लच लावून धाव, मग नवा लावून धाव, मग पुन्हा जुना. चकतीच्या तोंडावर काळ्या मार्करनं मध्यापासून कडेपर्यंत रेघा ओढायच्या, धाव संपली की झाकण काढून बघायचं, पट्ट्यानं रेघ कुठपर्यंत पुसली. जिथवर शाई गेली तिथवर पट्टा चढला. इतकं साधं, इतकं हुशार! लाखो रुपयांच्या यंत्राची परीक्षा पाच-दहा रुपयांच्या मार्करनं.

परीक्षेतला मुख्य प्रश्न एकच. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिन नेमक्या किती फेऱ्यांवर स्थिरावतं? दोन स्ट्रोकचं इंजिन हट्टी असतं. ते आपली सगळी ताकद एका अरुंद पट्टीत देतं. ८,००० वर देत असेल तर ७,९०० वर कुरकुरतं. शंभर फेऱ्यांची चूक म्हणजे सव्वा टक्का. मुंबई ते पुणे रेल्वेनं १९२ किलोमीटर, त्याचा सव्वा टक्का होतो २.४ किलोमीटर. म्हणजे पुणे स्टेशनला उतरायचं आणि माणूस साधारण शिवाजीनगरलाच उतरून गेला. तुम्ही-आम्ही म्हणू, आलंच की पुणे! चाचणी करणारा म्हणतो, नापास.

आणि हे शंभर फेरे हलवायला किती वजन काढावं-घालावं लागतं? प्रत्येक हातावर दीड ग्रॅम. साठात दीड. बाजारात दीड ग्रॅमला कोणी विचारत नाही, केशरवाला सोडला तर. पण ८,००० फेऱ्यांवर हेच दीड ग्रॅम प्रत्येकी साडेसहा किलोचे होतात, तिन्ही मिळून एकोणीस किलो. विमानात चेक-इन केली तर वरचे पैसे भरावे लागतील एवढी बॅग, दीड-दीड ग्रॅमच्या तीन चिमटींतून निघाली.

आता चकतीकडे बघू, जिचं वचन सुरुवातीला दिलं होतं. क्लचची ही चकती वीस सेंटिमीटर व्यासाची धरा. मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर तिची कड तासाला ३०० किलोमीटरनं पळते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी ठरवलेला वेग ३२०. वंदे भारत धावते जास्तीत जास्त १६० नं. म्हणजे बुलेट ट्रेनपेक्षा जराशी कमी आणि वंदे भारतच्या जवळजवळ दुप्पट, अशी ही वीतभर चकती. तिची कड मुंबई-पुणे अंतर ३८ मिनिटांत संपवते. डेक्कन क्वीन तेवढ्या वेळात घाटाच्या पायथ्यालासुद्धा पोचलेली नसते. डायनिंग कारमध्ये पहिलं ऑम्लेट जेमतेम उलटलेलं असतं. आणि ठाणे ते चेन्नई, कोल्हापूर-बेळगाव-होसकोट्यावरून, सगळे १,२३५ किलोमीटर? चार तास सहा मिनिटं. दर तासाला ४ लाख ८० हजार फेरे. त्यात कुठे एक ग्रॅमचं असंतुलन राहिलं, म्हणजे कडेला एक ग्रॅम धातू जास्त असला, तर तो एक ग्रॅम सात किलोचा हिसका देतो, सेकंदाला १३३ वेळा दिशा बदलत. सात किलोचा घण सेकंदाला १३३ घाव! बेअरिंगनं जगायचं कसं?

म्हणूनच शहाणा माणूस नव्या क्लचची चाचणी झाकणाशिवाय करत नाही. पाच किलोच्या अशा फिरत्या चकतीत साठलेली ऊर्जा पन्नास किलोची सिमेंटची गोण सहाव्या मजल्यावरून सोडल्यावर जमिनीपाशी जेवढी असेल तेवढी असते. गोण निदान एकाच दिशेनं, खाली येते. चकती फुटली तर तुकडे कुठे जातील, ते तुकड्यांनाच ठाऊक. आणि ती असते कुठे? चालवणाऱ्याच्या गुडघ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर. इथे मी कुठल्याही हौशी माणसाला एकच सांगेन: नाव-गाव नसलेला स्वस्त क्लच घेऊन वेग मोजायला जाऊ नये. वजनात गुंजभर चूक चालेल, धातूत चूक चालत नाही.

पट्ट्याचीही विचारपूस करू, बिचारा सगळ्यात जास्त सोसतो. स्नो स्कूटरचा पट्टा सव्वा मीटरच्या आसपास लांब. पूर्ण वेगात तो तासाला २७० किलोमीटरनं पळतो, म्हणजे सेकंदाला बासष्ट वेळा संपूर्ण फिरून येतो. प्रत्येक फेरीत दोन पुल्यांना वळसा, म्हणजे दोनदा वाकणं. सेकंदाला सव्वाशे नमस्कार! तासाला साडेचार लाख. सूर्यनमस्कारांच्या शिबिरात १०८ झाले की आपण दोन दिवस जिना उतरताना कण्हतो. हा पट्टा सेकंदही पुरा व्हायच्या आत १०८ उरकतो.

आणि तापतो. पट्टा-पुलीच्या या खेळात थोडी ताकद उष्णतेत जातेच. पंधरा टक्के जाते असं धरा. १६५ घोड्यांतले २५ घोडे गरम हवेत विरघळले. पाच विहिरींच्या मोटरी नुसत्या तापण्यात गेल्या! विजेच्या हिशोबात ते झाले अठरा किलोवॉट, म्हणजे दोन किलोवॉटचे नऊ गीझर एका प्लास्टिकच्या झाकणाखाली एकदम चालू. या उष्णतेवर लिटरभर पाणी सतरा सेकंदांत उकळेल. चहा टाकते म्हणून उठलेली काकू ओट्यापर्यंत पोचायच्या आत आधण तयार. बाहेर तापमान शून्याखाली वीस आणि आत पट्टा शंभर अंशांच्या घरात. चाचणी करणारे धाव संपली रे संपली की तापमापकाची बंदूक रोखतात ती याचसाठी. पट्टा जास्त तापला तर क्लच घसरतोय, घसरतोय म्हणजे घोडे वाया जाताहेत.

इथे जाहिरातींच्या फुग्याला टाचणी लावायलाच हवी. क्लच ताकद बनवत नाही. ताकद बनवतं इंजिन. क्लच फक्त वाटेतली गळती कमी-जास्त करतो. नव्या क्लचनं पंधरातले दोन टक्के वाचवले तर मिळाले जेमतेम सव्वातीन घोडे. जुमल्यात तीन स्वार वाढले, लढाईचा नकाशा बदलला नाही. पण शर्यतीत तीन घोडे पुरतात, हेही खरं. आणि फेरे बरोबर पट्टीत आले तर फरक याहून मोठा दिसतो, तेव्हा दावा पूर्ण खोटाही नसतो. अर्धा खरा असतो. जाहिरातीसाठी तेवढं बरंच झालं.

आता या सगळ्या आकड्यांना घेऊन डोंगर चढू, कारण स्नो स्कूटर डोंगरावरच राहते. अनुभवी लोकांचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना साधं इंजिन सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. हवाच विरळ, इंजिन काय करणार? होसकोटे-बंगळूरचं पठार समुद्रापासून नऊशे मीटरच्या आसपास, म्हणजे तीन हजार फूट. मुंबईची स्कूटर एनएच फोरनं होसकोट्याला नेली की तिथे ती नऊ टक्क्यांनी अशक्त होते, आणि मालकाला वाटतं पेट्रोलच भेसळीचं. गुलमर्ग २,६५० मीटर. आपलं महाबळेश्वर एकावर एक दोन ठेवा तेव्हा गुलमर्ग येतं. तिथे २६ टक्के ताकद गायब. १६५ चे १२२ राहिले. साडेआठ विहिरींच्या मोटरी नुसत्या उंचीनं बंद पाडल्या. खारदुंग ला ५,३५९ मीटर, म्हणजे तीन कळसूबाई रचून वर आणखी एखादी टेकडी, आणि हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या जवळ. जुमल्यातले निम्मे घोडे खालीच बसून राहिले. पण क्लचमधली वजनं तीच, ती आपल्या त्याच जोरानं चिमटा काढत बसतात, आणि दमलेल्या इंजिनाला तो चिमटा झेपत नाही. म्हणून उंचीवर गेलं की वजनातून ग्रॅम-ग्रॅम कमी करायचे. खाली पास झालेला क्लच वर नापास, वर पास झालेला खाली नापास. क्लचची चाचणी एका गावात होत नाही, दर हजार फुटांना नवा पेपर.

बर्फ पुरे. परत आपल्या स्कूटरकडे येऊ, कारण खरा चक्कर आणणारा आकडा तिकडे दडलाय.

२०२३ साली होंडानं जाहीर केलं की ॲक्टिव्हाचे ग्राहक तीन कोटी झाले. तीन कोटी ॲक्टिव्हा! २००१ पासून बावीस-तेवीस वर्षांत. प्रत्येकीत सहा गोळ्या. तीन कोटी गुणिले सहा, अठरा कोटी गोळ्या. दीड तोळ्याची एक, तर अठरा कोटींचं वजन २,७०० टन. रेल्वेच्या एका वाघिणीत साधारण साठ टन माल बसतो. म्हणजे ४५ वाघिणी. अख्खी एक मालगाडी, नुसत्या गोळ्यांनी भरलेली! फाटकावर तुम्ही उभे आहात, वाघिणी मोजताय, सगळ्यांत गोळ्या, गोळ्या, गोळ्या.

थांबा. ही मालगाडी स्थिर उभी असताना आहे. आता सगळ्या स्कूटर एकदम सुरू करू. कोल्हापूर, कोलार, कल्याण, कोलकाता, देशभर एकाच क्षणी तीन कोटी मुठी पिळल्या. ७,००० आरपीएम. प्रत्येक गोळी २,१९० पट जड झाली. एका मालगाडीच्या झाल्या २,१९० मालगाड्या! एक मालगाडी साडेसहाशे मीटर लांब धरा आणि त्या एकामागे एक उभ्या करा. शेवटचा डबा मुंबईत, इंजिन कुठे? पुणे नाही. पुणे तर सात वेळा भरून जाईल. मुंबई सेंट्रलपासून नवी दिल्ली रेल्वेनं १,३८४ किलोमीटर. ही रांग १,४२० किलोमीटर भरते. सुरतेवरून, बडोद्यावरून, रतलाम-कोटा-मथुरेवरून, दिल्ली ओलांडून पुढे, वाघिणीला वाघीण टेकलेली, भरलेली, सलग मालगाडी. एवढा भार दीड-दीड तोळ्याच्या गोळ्या काढताहेत.

आणि त्या क्षणी पट्ट्यांतून किती वीज, म्हणजे विजेच्या मापात किती ताकद वाहतेय? एका स्कूटरची साडेसात अश्वशक्ती धरू, साडेपाच किलोवॉटच्या थोडी वर. गुणिले तीन कोटी. १ लाख ६८ हजार मेगावॉट. आपलं कोयनेचं जलविद्युत केंद्र १,९६० मेगावॉटचं, महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतो आपण त्याला. अशा ८५ कोयना! ३० मे २०२४ रोजी उन्हाच्या काहिलीत साऱ्या देशानं विजेची विक्रमी मागणी नोंदवली, अडीच लाख मेगावॉट: प्रत्येक पंखा, प्रत्येक एसी, प्रत्येक गिरणी, प्रत्येक लोकल. त्याच्या दोन तृतीयांश ताकद, एका वेळी, तीन कोटी रबरी पट्ट्यांवरून, नुसत्या चिमटीच्या भरवशावर! सगळ्या तीन कोटी आज रस्त्यावर नसतील, काही भंगारात गेल्या असतील, काही वाड्याच्या जिन्याखाली कोंबड्यांना निवारा देत असतील. मग घ्या निम्म्या. तरी ४२ कोयना उरतातच.

आणि एका गोळीचा प्रवास? स्कूटर वीस हजार किलोमीटर चालली, सरासरी चाळिसाच्या वेगानं, पाच हजार आरपीएमवर, असं धरा. तेवढ्यात गोळीनं वाटीएवढ्या रिंगणात पंधरा कोटी फेरे मारले, ३७ हजार ७०० किलोमीटर चालली. पृथ्वीच्या प्रदक्षिणेला थोडंच कमी. मुंबई-पुणे १९६ खेपा. मालक वीस हजारांचा अभिमान बाळगतो, आतली गोळी त्याच्या जवळजवळ दुप्पट चालून झालेली असते.

तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, गाडी रेस घेते पण उचलत नाही, रोलर बदलावे लागतील,’ तर त्याच्याशी घासाघीस करण्याआधी जुन्या गोळ्या मागून घ्या. त्यांची गोलाई गेलेली, एका बाजूनं चपटी झालेली दिसेल. आणि नवे रोलर कंपनीचे नसून बाहेरचे असतील, तर बसवण्यापूर्वी सहाही गोळ्या एक-एक करून सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. सहांचं वजन सारखं भरलं तरच बसवा. एकीत अर्ध्या ग्रॅमचाही फरक निघाला, तर पाकीट दुकानदाराला परत करा; चालत्या गाडीत तो फरक एक किलोच्या वर जातो.